खिळे जुळवणारे हात

पुस्तकाच्या पहिल्या पानांवर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, मुद्रकाचेही असते. ज्याने त्या पुस्तकातील एकेक अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवले, त्या खिळेजुळाऱ्याचे नाव मात्र बहुधा कोठेच नसते. शतकाहून अधिक काळ मराठी वाचकाने जे जे वाचले, मग ती पोथी असो, वृत्तपत्र असो, शाळेचे क्रमिक पुस्तक असो की प्रार्थनांची पुस्तिका, ते बहुतांशी या अनाम हातांतून आले. आज ते हात रिकामे आहेत. ज्यांनी ही विद्या तरुणपणी शिकली, ते आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्यामागून ती शिकणारा कोणी उरलेला नाही. अशा वेळी एक प्रश्न मनात येतो, आणि तो केवळ छापखान्यापुरता नाही. एखादे कौशल्य जगाला नकोसे झाले म्हणजे ते अंगी बाणवण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या माणसाचे काय होते? आणि आपण त्याचे काही देणे लागतो काय?

देवनागरीची जुळणी हे सोपे काम नव्हते. रोमन लिपीत सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी रूपे आणि काही चिन्हे एवढ्यावर भागते. आपल्याकडे जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार हे सर्व मिळून शेकडो खिळे होतात आणि प्रत्येकाचा खण ठरलेला असतो. जुळारी खणांच्या केसींसमोर तासन्‌तास उभा राही. डाव्या हातात स्टिक, नजर हस्तलिखितावर आणि उजव्या हाताची बोटे न पाहता नेमक्या खणाकडे जात. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. तेव्हा उलटे वाचण्याची त्याला इतकी सवय होई की सुलटे वाचताना क्षणभर अडखळावे. ओळ भरत आली की शब्दांमधील अंतर कमी-अधिक करून ती घट्ट बसवायची. छपाई आटोपली की प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खणात टाकायचा; आज एक खिळा भलत्या खणात पडला, तर उद्याच्या पानावर चूक ठरलेली. लेखकाचे शुद्धलेखन कच्चे असेल, तर ते मुकाट्याने सुधारणारा पहिला माणूस अनेकदा हाच असे.

या विद्येशी आपल्या ख्रिस्ती समाजाचे नाते जुने आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात येशूसंघीयांकडे आले. ते खरे म्हणजे ॲबिसिनियाला जायचे होते; पण गोव्यातच राहिले. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली प्रसिद्ध झाले, परंतु रोमन लिपीत. या भूमीच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली अनेक वर्षांची उत्कट इच्छा असल्याचे त्यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. अडचण होती ती खिळ्यांची. युरोपातील दोन डझन अक्षरांच्या जागी येथे सहाशे साचे पाडावे लागतील, ही गोष्ट अशक्य वाटत होती. स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. क्रिस्तपुराण समग्र देवनागरीत आले ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, पुण्यातून. म्हणजे त्या थोर मिशनऱ्याचे स्वप्न प्रत्यक्षात येण्यास साडेतीनशे वर्षे लागली, आणि ते पुरे झाले तेही शिशाच्या खिळ्यांच्याच काळात. जुळाऱ्याच्या बोटांचे मोल याहून अधिक काय सांगावे?

मग काळ पालटला. १९८०च्या दशकात ऑफसेट छपाई आणि फोटोजुळणी पसरू लागली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान, तसेच श्रीलिपीसारख्या संगणकप्रणाली यांमुळे देवनागरी अक्षर पडद्यावर उमटू लागले. जे कौशल्य हातात बसण्यास पाच-सहा वर्षे लागत, त्याचे काम कळफलकावर बसलेला तरुण काही महिन्यांच्या शिक्षणावर करू लागला. मोठ्या शहरांत हा बदल आधी झाला. आमच्या विदर्भातील तालुक्याच्या गावी तो थोडा उशिरा पोहोचला इतकेच. अरुणावतीच्या काठच्या आर्णीसारख्या गावात छापखाना म्हणजे लग्नपत्रिका, यात्रेची हस्तपत्रके, कापसाच्या हंगामातली पावतीपुस्तके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका. १९९०च्या दशकात हे सर्व काम संगणकाकडे गेले. खिळे वजनावर मोडीत निघाले.

आर्णीचे एक जुने जुळारी, आता सत्तरी ओलांडलेले, माझ्या परिचयाचे आहेत. काम गेले तेव्हा त्यांनी चाळिशी नुकतीच पार केली होती. पुढे त्यांनी जिनिंगमध्ये रखवालदारी केली, मुले शिकवली, संसार तडीस नेला. त्यांनी कोणाकडे कधी हात पसरला नाही. एकदा मात्र ते मला म्हणाले, "फादर, हे हात देवाने शिकवले असे तुम्ही प्रवचनात सांगता. मग त्याने दिलेली ठेव माझ्या डोळ्यांदेखत मोडीत कशी गेली? मी ती काही जमिनीत पुरून ठेवली नव्हती."

वाचकहो, या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, 'काळाचा महिमा, त्याला कोण काय करणार?' दुसरे म्हणजे, 'देवाची इच्छा.' दोन्ही उत्तरांचा उपयोग बहुधा एकच असतो: समोरच्या माणसाने गप्प बसावे.

पहिल्या उत्तरात काही तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जुळाऱ्यानेही कोणाची तरी जागा घेतली होती. हस्तलिखिते करणाऱ्या लहियांचे काम मुद्रणाने संपवले. जर्मनीतील योहान्नेस त्रिथेमिउस नावाच्या मठाधिपतीने १४९२ साली लेखनिकांची थोरवी गाणारा एक ग्रंथ लिहिला आणि हाताने नकला करण्याची साधना सोडू नका, असे मठवासीयांना बजावले. तोच ग्रंथ त्याने १४९४ साली माइंत्स येथे छापून घेतला! आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देखण्या देवनागरी खिळ्यांची छपाई घरोघर पोहोचवली. प्रत्येक नव्या पद्धतीने पुस्तक स्वस्त झाले आणि गरिबाच्या हाती आले. शिवाय जुन्या छापखान्याचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. अपुरा उजेड, तुटपुंजे वेतन, दिवसभर उभे राहून भरून आलेले पाय आणि बोटांवाटे पोटात जाणारे विषारी शिसे, हेही त्याच छापखान्यात होते. ते दिवस परत यावेत, असे कोणी म्हणू नये.

परंतु यंत्र येणे ही एक गोष्ट आणि यंत्र आल्यावर माणसाशी कसे वागायचे ही दुसरी. पहिली काळाच्या ओघात घडते. दुसरी माणसे ठरवतात. याचा पुरावा जुळाऱ्यांच्याच इतिहासात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली वृत्तपत्रांचे मालक आणि मुद्रकांची संघटना यांच्यात करार झाला. मालकांना स्वयंचलित जुळणी आणण्याची मोकळीक मिळाली आणि त्याच्या मोबदल्यात तेव्हाच्या जुळाऱ्यांना आयुष्यभर नोकरीची हमी देण्यात आली. न्यूयॉर्क टाइम्सचा तप्त धातूच्या जुळणीवरचा शेवटचा अंक जुलै १९७८ मध्ये निघाला. पण त्यासाठी जुळाऱ्यांना रस्त्यावर यावे लागले नाही. याउलट लंडनमध्ये जानेवारी १९८६ मध्ये एका मोठ्या वृत्तसमूहाने आपला कारभार वॉपिंग येथील नव्या छापखान्यात हलवला, तेव्हा संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना कामावरून काढून टाकण्यात आले. वर्षभर लढा देऊनही ते परत कामावर आले नाहीत. यंत्रे एकाच जातीची. निर्णय मात्र निराळे. आमच्या तालुक्यांतील छापखान्यांत तर करारही नव्हता आणि लढाही नव्हता. एका संध्याकाळी मालकाने हिशेब केला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितले. कित्येक ठिकाणी मालकही तितकाच कंगाल होता. तेव्हा देणे केवळ मालकाचे नव्हते. स्वस्त छपाईचा लाभ ज्या ज्या घराला झाला, त्या सर्वांचे ते होते. ते आपण दिले नाही, आणि त्याला काळ असे नाव दिले.

दुसरे उत्तर अधिक नाजूक आहे. देवाच्या इच्छेचा आधार घेण्यापूर्वी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, ते पाहावे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या हक्कांचा कैवार घेतला. त्याच्या नव्वदाव्या वर्षी, १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक लिहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात मजुरी केलेली होती. कामाची थोरवी मूलतः काय निर्माण झाले यावरून ठरत नाही, ते करणारा 'माणूस' आहे यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक सूक्ष्म भेद केला आहे. कला माणसाची कृती चांगली करते. सद्‌गुण स्वतः माणसालाच चांगला करतो. मात्र दोन्ही आत्म्यात मुरलेल्या स्थिर वृत्ती आहेत. अंगरख्याप्रमाणे त्या चढवता-उतरवता येत नाहीत.

या विचाराच्या उजेडात आर्णीच्या त्या वृद्धाची व्यथा समजते. त्यांचा केवळ रोजगार गेला नाही. वीस-बावीस वर्षांत त्यांच्या घडणीचा भाग झालेली एक वृत्ती निरुपयोगी ठरली. हे दुःख खरे आहे. ते करण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्यात श्रद्धेची उणीव नाही. त्याचबरोबर संत थॉमस यांच्या भेदात दिलाशाचीही जागा आहे. खिळे जुळवता जुळवता जी सचोटी, जी एकाग्रता, दुसऱ्याच्या शब्दाविषयी जो आदर त्यांच्यात रुजला, तो खिळ्यांबरोबर मोडीत गेला नाही. रखवालदारी करतानाही तो त्यांच्याजवळ होता. त्यांनी ठेव पुरून ठेवली नाही हे खरेच आहे. धन्याला हिशेब देताना ते रिकाम्या हाताने उभे राहणार नाहीत, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांचे पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही.

द्राक्षमळ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. दिवस मावळता मावळता, अकराव्या ताशी, बाजारात उभ्या असलेल्या मजुरांना धनी विचारतो की तुम्ही येथे दिवसभर रिकामे का उभे आहात. ते सांगतात की आम्हाला कोणी कामच दिले नाही. ते आळशी नव्हते. जगाने त्यांना वगळले होते. आपण बहुधा येथून घाईने पूर्ण दिवसाच्या मजुरीकडे वळतो आणि धन्याच्या औदार्याबद्दल बोलतो. पण धन्याने केलेल्या दोन गोष्टी आधीच्या आहेत. तो संध्याकाळीसुद्धा पुन्हा बाजारात गेला आणि त्याने त्या माणसांना कारण विचारले. तसेच त्याने त्यांच्या हातावर तेथेच भिक्षा ठेवली नाही, तर आधी त्यांना मळ्यात बोलावले. मजुरी मात्र त्याने तासांच्या मापाने दिली नाही. कुटुंबाच्या भाकरीच्या मापाने दिली. न्याय आणि सन्मान या दोहोंचा मेळ येथे आहे. नुसती मदत माणसाला लहान करते. नुसता सत्कार त्याला उपाशी ठेवतो.

आपल्या धर्मग्रामांत हे आचरणात आणणे अवघड नाही. जुन्या जुळाऱ्याइतकी शब्दाची पारख आजच्या संगणकालाही नेहमी साधत नाही. स्मरणिका, गीतपुस्तिका, वाचने यांची मुद्रिते तपासण्यास त्यांना सन्मानाने बोलवावे आणि योग्य मानधन द्यावे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी वेदीजवळ नव्या हत्यारांबरोबर जुनी हत्यारेही ठेवावीत आणि ती चालवणाऱ्यांना दोन शब्द बोलू द्यावेत. मात्र एक पथ्य पाळावे. त्यांनी आपल्या उपयोगी पडावे, ही त्यांच्या आदराची अट होता कामा नये. ज्याचे डोळे गेले आहेत, ज्याला मुद्रिते तपासता येत नाहीत, त्याचाही मान तेवढाच आहे.

हा विषय जुन्या लोकांचा आहे, असे तरुणांनी समजू नये. ज्या संगणकचालकाने जुळाऱ्याची जागा घेतली, त्याच्या दारात आता कृत्रिम बुद्धिमत्ता उभी आहे. मे २०२५ मध्ये पोपपदी निवडून आलेल्या चौदाव्या लिओंनी आपल्या नावाचे कारण सांगताना 'रेरुम नोवारुम'चे स्मरण केले आणि या नव्या क्रांतीपुढे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांचे रक्षण करण्याची गरज बोलून दाखवली. आज आपण वृद्ध कामगाराशी जसे वागू, तसे वागण्याचे वळण आपल्या मुलांना लागेल, आणि उद्या आपल्यावर तीच पाळी आल्यास तेच वळण आपल्या वाट्याला येईल.

संत योसेफाने घडवलेली एकही वस्तू आज जगात नाही. त्याचे जू, त्याची चौकट, त्याचे अवजार, काहीच उरले नाही. उरला तो त्याच्या हाताखाली सुतारकाम शिकलेला पुत्र, ज्याला नासरेथचे लोक सुतार म्हणूनच ओळखत होते. आपल्या घरातही कोणी जुळारी असेल, विणकर असेल, वाफेच्या इंजिनाचा चालक असेल, टंकलेखक असेल. आज संध्याकाळच्या रोझरीनंतर त्यांच्यापाशी बसावे, ते काम कसे करीत असत हे विचारावे आणि ते सांगत असताना मुलांनाही जवळ बसवावे.