दोष कोणाचा?

मूल बोलत नाहीं, हांकेस ओ देत नाहीं, असें दिसतांच गांव आईस दोष देतें. हा न्याय आहे काय? डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं स्वमग्नतेचें वर्णन केल्यावर कित्येक विद्वानांनींही आईच्या थंडपणास बोल लाविला. अमेरिकेंतील बर्नार्ड रिमलंड हे अशाच मुलाचे बाप. त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून तें मत खोडून काढिलें: मूळ मेंदूच्या घडणींत आहे, आईच्या मायेंत नव्हे. आमच्या देशांतही २०१६ च्या कायद्यानें अशांचे हक्क मान्य केले. तरी दोष देणें सुटत नाहीं; कारण आईस दोषी ठरविलें कीं साह्याचें ओझें आपल्यावरून उतरतें. वाचकहो, त्या मुलास पंगतींत बसवा, शाळेंत जागा द्या, व त्याच्या आईचें म्हणणें ऐकून घ्या.