घडीभराचा शेजारी

सायंकाळी रंकाळा स्टँडवर केएमटी बस येताच दारापाशी रेटारेटी सुरू होते. त्या गर्दीतही आपल्या ईमानाची परीक्षा असते, हे आपण विसरतो.

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसातील 36 व्या आयतीत अल्लाहच्या उपासनेबरोबरच सद्वर्तनाचा आदेश आला आहे. आईवडील, नातलग, अनाथ, गरजू व शेजारी यांच्यासह बाजूला असणाऱ्या सोबत्याचाही त्यात उल्लेख आहे. अनेक भाष्यकारांनी या सोबत्यांत सहप्रवाशाचा समावेश केला आहे. म्हणजे बिंदू चौकापर्यंतच आपल्या शेजारी बसणाऱ्या अनोळखी माणसाचाही, तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्यावर हक्क आहे.

हा हक्क कसा अदा करावा? वृद्धांना, गरोदर भगिनींना जागा द्यावी. मोबाईलचा आवाज, मग ते कुरआनपठण का असेना, इतरांवर लादू नये. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानाची शाखा ठरविली. मग जुम्याच्या नमाजच्या घाईत रस्त्यात आडवी लावलेली आपली दुचाकी? ती आधी हटवावी, नंतर मशिदीची पायरी चढावी.

शेजारी आपल्या थांब्यावर उतरून जातो. आपल्या वागणुकीची नोंद मात्र अल्लाहपाशी राहते. ती नोंद आपल्या बाजूने असो. आमीन.