घरचा वाफा आणि बाजारचा वाफा





छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांना एक साखळी उलगडून सांगतात. आहार शुद्ध झाला की अंतःकरण शुद्ध होते, अंतःकरण शुद्ध झाले की स्मृती अढळ होते, आणि स्मृती अढळ झाली की हृदयाच्या सगळ्या गाठी सुटतात. श्रीशंकराचार्य येथे आहार शब्दाचा अर्थ व्यापक करतात. इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते ते सर्व आहारच. श्रीरामानुजाचार्य मात्र ताटातल्या अन्नाकडे पाहतात आणि त्याचे तीन दोष सांगतात. पदार्थ मुळातच निषिद्ध असेल तर तो जातिदोष. ज्याच्या हातून अन्न येते त्याच्या ठायीचा दोष तो आश्रयदोष. आणि मूळचे अन्न चांगले, परंतु त्यात बाहेरून केस, किडा, घाण पडली, तर तो निमित्तदोष.

आश्रयदोषाचा अर्थ पूर्वी कित्येकांनी जातपात असा लावला. नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, तेथेच आपल्या संप्रदायापुरता तो अर्थ संपला. आम्ही येथे देणाऱ्याची वृत्ती एवढाच अर्थ घेतो.

गळ्यात तुळशीची माळ पडली की पहिला दोष आपण कटाक्षाने टाळतो. मांस-मद्याला शिवत नाही. चातुर्मासात कांदा-लसूणही सोडतो. पण उरलेल्या दोन दोषांचे काय? आमचे स्वतःचे डोळे या बाबतीत उशिराच उघडले. ते कसे, ते सांगतो.

पाचोऱ्याजवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहासाठी गेलो होतो. यजमान मोठे भाविक, घरात तीन पिढ्यांची वारी. सकाळी ते आम्हांस मळ्यात घेऊन गेले. कपाशी उभी होती, पलीकडे वांगी होती. वांग्यांचे दोन भाग वेगळे दिसले, म्हणून सहज विचारले. ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "महाराज, हाऊ वाफा घरना शे, तो बाजारना."

घरच्या वाफ्यावर औषध मारीत नाहीत. बाजारच्या वाफ्यावर आठवड्याला फवारा. 'औषध' हा आपला लाडका शब्द बरं का! विषालाच आपण औषध म्हणतो.

दुपारी पानात भरीत आले. ते घरच्या वाफ्याचे, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही ते जेवलो आणि काही बोललो नाही. रात्री भूतदयेवर कीर्तन केले, लोक डोलले. पण सातव्या दिवशी काल्याच्या महाप्रसादासाठी वांग्यांची पोती उतरली, तेव्हा विचारले, "ही कोठली?" उत्तर आले, "बाजारची." गावच्याच मळ्यांतली वांगी आडत्याकडे जाऊन परत गावच्याच पंगतीला आली होती!

सज्जनहो, काल्याचे कीर्तन म्हणजे काय? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडाव्या, कोणाची भाकर, कोणाचे लोणचे, आणि भगवंताने ते सारे एकत्र कालवून प्रत्येकाच्या मुखी घालावे. तेथे माझे-तुझे उरत नाही, म्हणून तो काला. आम्ही चाळीस वर्षे हे सांगत आलो. त्या दिवशी मात्र बोलताना जीभ अडली. काला एक आणि वाफे दोन, हे जमावे कसे?

कीर्तन झाल्यावर यजमानांपाशी बसून आम्ही हे बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "महाराज, फवारा नाही मारला तर शेंड्यात आणि फळात अळी शिरते. एक भोक असलेलं वांगं तुम्ही तरी घ्याल का? गिऱ्हाईक चकचकीत वांगं उचलतं, किडकं ढकलून देतं. मग आम्ही काय करावं?"

अहो, यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्हीही बाजारात चकचकीतच वांगे उचलतो. म्हणजे आश्रयदोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचाही आहे.

आणि या विषाचा पहिला घास कोणाला मिळतो? फवारणाऱ्यालाच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. आपले खानदेश कपाशीचेच. पाठीवर पंप घेऊन सरीतून चालणारा मजूर आपल्याच दिंडीत टाळ धरणारा असतो, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, महाराज जुन्या काळाचे गोडवे गातात. तसे नव्हे. 1972 च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. रांगेत उभे राहून सुकडी खाल्ली आहे, परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत. संकरित ज्वारीने आणि खताने पुढे लोकांची पोटे भरली, हे नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होय. उपाशी माणसाला शुद्धीचे प्रवचन देऊ नये. परंतु पोट भरले, आता शुद्धीचा विचार करावयास हरकत नाही.

आणि तो विचार नवा नाही. आपल्या सातपुड्यापलीकडे इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ काम करीत होते. पालापाचोळा, शेण व माती यांपासून खत करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. शिकवावयास आलेले हे गृहस्थ इथल्या शेतकऱ्यालाच आपला गुरू मानीत. ज्याला जगाने गुरू मानले, त्यानेच आपल्या उकिरड्याची लाज धरावी काय?

शेतातून वाचलेले अन्न पुढे गिरणीत बिघडते. दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा. तांदूळ घासून पांढरा केला की सत्त्व कोंड्याबरोबर जाते. जावा बेटात आइकमन नावाच्या डच वैद्याने पाहिले की घासलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्या शोधातून पुढे जीवनसत्त्वांचे शास्त्र उभे राहिले आणि 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. 1934 साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार केला. आणि 1936 च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन गांधीजींनी उघडले. ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

आपल्या आजीने ज्वारी-उडदाचा कळणा दळून भाकरी थापली, त्यात धान्य आणि डाळ दोन्ही आली, कोंडाही आला. आज वारीच्या वाटेवर भाविक प्रेमाने काय वाटतात? बिस्किटांचे पुडे आणि तळलेले वेफर. भाव सोन्याचा, पण अन्न पोकळ! एकादशीला साबुदाणा. तो ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा; ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी तो इकडे नव्हताच. परका म्हणून आम्ही त्याला नावे ठेवीत नाही, आपली लाडकी मिरचीही तिकडूनच आली. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग. त्यावर तूप आणि दाण्याचे कूट ओतून दुप्पट खाल्ले, तर त्याला उपवास कसे म्हणावे? भगर, राजगिरा, रताळे आहेत. तेही थोडकेच घ्यावे.

एक इशारा देणे कर्तव्य आहे. सेंद्रिय अन्न म्हणजे रोगावरचा उतारा नव्हे. मधुमेह्याने सेंद्रिय गूळ खाल्ला तरी रक्तातली साखर वाढतेच. वैद्याची गोळी सोडून कोणी भाकरीवर विसंबू नये. 'सेंद्रिय' अशी नुसती पाटी पाहून दुप्पट दामही मोजू नये. बांधलेल्या मालावर सेंद्रिय प्रमाणीकरणाची खूण पाहावी, किंवा त्याहून बरे म्हणजे पिकवणाऱ्याचा मळा पाहावा.

मग करावयाचे काय? शेतकरी बांधवांनो, सगळे रान एका वर्षात बदला, असे आम्ही म्हणत नाही. त्यात घर बुडेल. एका वाफ्यापासून आरंभ करा. किडलेले शेंडे खुडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, निंबोळी अर्क वापरा. विष वापरावेच लागले तर डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. फवाऱ्यानंतर तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावयाचे ते डब्यावर लिहिलेले असते, तेवढे दिवस जाऊ द्या. आणि घेणाऱ्यांनो, भोक पडलेले वांगे टाकून देऊ नका; तेवढा भाग कापा, उरलेले शिजवा, आणि दाम पुरते द्या.

त्या गावच्या सप्ताह मंडळीने यंदा एवढे ठरविले आहे की महाप्रसादाची भाजी घरच्या वाफ्यांतून यावी, प्रत्येक घरून एक टोपली. यजमानांनी आम्हांस निरोप पाठविला, "महाराज, वांगी थोडी वाकडी असतील."

असू द्या. त्या काल्याला आमची जीभ अडणार नाही.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!