दंड हरवलेला यम

चेन्नईतल्या वेलचेरीच्या दंडीश्वरर देवळाची कथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मार्कंडेयाचे प्राण न्यायला गेलेल्या यमाला शंकराने लाथाडलं आणि यमाचा दंड गेला. दंड गेला म्हणजे अधिकारच गेला. मग यम वेलचेरीत आला, त्याने शिवाची आराधना केली आणि दंड परत मिळवला. देऊळ जुनं आहे, चोळांच्या काळातले शिलालेख तिथे आहेत. दर्शनाला येणारे बहुतेक जण यमाला दंड परत मिळाला म्हणून येतात. आपलंही गेलेलं काही परत मिळेल, या आशेने. मला मात्र मधला काळ अडवून धरतो. दंड गेल्यापासून तो मिळेपर्यंत यम कोण होता?

हा प्रश्न मला पोथीतून पडला नाही, वर्गातून पडला. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर चेन्नईत आले, इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या इंडक्शनमधली काही सत्रं घेते. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने २०१७-१८ पासून हा तीन आठवड्यांचा कार्यक्रम इंजिनिअरिंग कॉलेजांत आणला. आयआयटी गांधीनगर, हैदराबादची आयआयआयटी आणि बनारसची आयआयटी इथले प्रयोग त्यामागे होते. व्यायाम, कला, मानवी मूल्यं, गावाची ओळख, असं त्याचं स्वरूप. शेवटच्या वर्षाकडे जावं तसतसा सूर बदलतो: रेझ्युमे, ग्रुप डिस्कशन, अ‍ॅप्टिट्यूड, मुलाखत. तमिळनाडू सरकारची ‘नान मुदल्वन’ योजना मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कौशल्यांचे कोर्स थेट अभ्यासक्रमातच आले आहेत.

या सगळ्याची मला किंमत आहे. तिंडिवनमजवळच्या खेड्यातून आलेल्या, घरातली पहिलीच पदवी घेणाऱ्या मुलीला मुलाखतीत कसं बसायचं, काय बोलायचं हे कुणीतरी सांगायलाच हवं. शहरातल्या मुलांना ते घरीच मिळतं. जगण्याचे धडे वर्गात देणं उथळ, असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने दासबोध उघडावा. समर्थांनी अक्षर कसं काढावं, दिनक्रम कसा ठेवावा इथपर्यंत सगळं सांगितलं आहे, आणि आधी प्रपंच नेटका करायला लावला आहे. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पण एका जानेवारीत शेवटच्या वर्षाचं एक सत्र संपल्यावर लातूरकडचा एक मुलगा मागे थांबला. मी मराठी आहे हे त्याला कळलं होतं. म्हणाला, “मॅडम, माझं प्लेसमेंट झालं नाही तर मी घरी काय म्हणून जाऊ?” मी सवयीने उत्तर द्यायला लागले: पुढच्या कंपन्या, गेट, ऑफ कॅम्पस. तो ऐकत होता, पण त्याने ते विचारलंच नव्हतं. नोकरी कशी मिळेल हे नव्हे, ‘काय म्हणून जाऊ’ हे त्याला हवं होतं.

त्या रात्री मी कठोपनिषद काढलं. नचिकेताची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाप रागाने म्हणतो, तुला मृत्यूला दिलं. मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो. यम तीन वर देतो. तिसऱ्या वरावर एवढं बोललं जातं की पहिला विसरला जातो. आत्मज्ञान मागण्याआधी तो मुलगा काय मागतो? मी परत जाईन तेव्हा माझ्या वडिलांचा राग निवलेला असावा आणि त्यांनी मला ओळखावं. ज्याला पुढे हत्ती, घोडे, जमीन, दीर्घायुष्य देऊ केलं तरी नको वाटलं, त्यालाही आधी घरी आपल्याला कुणी ओळखेल ना, ही काळजी होती. उपनिषदाने ती क्षुद्र मानली नाही, पहिली मानली. आपले सेमिनार तिसऱ्या वराच्या वेळी यमाने पुढे केलेल्या आमिषांपासूनच सुरू होतात. पॅकेज, परदेश, हुद्दा. पहिल्या वराला वेळापत्रकात जागाच नाही.

श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, यांत निवड करायला यम सांगतो, तेव्हा तो प्रेयाला पाप म्हणत नाही. दोन्ही माणसासमोर येतात, विचार करणारा त्यांना वेगळं ओळखतो आणि श्रेय निवडतो. आमची चूक प्रेय शिकवण्यात नाही. प्रेयालाच श्रेयाची भाषा चढवण्यात आहे. ‘स्वतःचा शोध’ या नावाच्या स्लाइडखाली प्रत्यक्षात स्वतःची जाहिरात कशी करावी हे असतं. मग ती जाहिरात कुणी घेतली नाही की मुलाला वाटतं, आपण स्वतःच नाकारले गेलो.

डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरीच्या रस्त्यांवर होड्या फिरत होत्या. वीज नाही, फोन बंद, ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरच्या मोठ्या कंपन्यांतली माणसं आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या बायका एकाच रांगेत दुधासाठी उभ्या होत्या. कुणाच्याच हातात दंड नव्हता. तरी माणसं माणसंच होती. वरच्या मजल्यावरून दोरीने पाण्याच्या बाटल्या सोडत होती, परक्यांच्या म्हाताऱ्यांना खांद्यावर घेत होती. त्या दिवसांत मी ज्यांना ओळखायला शिकले, त्यांचा हुद्दा मला आजही माहीत नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी एक तास मागून घेतला आहे. त्यात मी नचिकेताचा पहिला वर सांगते आणि मुलांना घरी एक पत्र लिहायला लावते: नोकरी, मार्क, रँक यांतलं काहीही न सांगता मी कसा आहे, कशी आहे. ते कुणाला दाखवायचं नसतं, हवं तर पोस्टात टाकायचं. काहींना दोन ओळींपुढे जाता येत नाही. एकीने लिहिलेलं पान आईला वाचून दाखवलं. आईला अक्षरं येत नव्हती.

माझे एक सहकारी म्हणतात, गरीब घरच्या मुलांना हे परवडत नाही, त्यांना आधी पगार हवा. त्यांचं म्हणणं मी मनावर घेते. म्हणूनच मुलाखतीचा एकही तास मी कमी करू दिला नाही. माझा तास त्यानंतरचा, संध्याकाळी चारचा आहे. ज्यांच्या घरची सगळी आशा एका पगारावर टेकलेली असते, त्याच मुलांना तो पगार लांबला तर घरात पाऊल टाकणं सगळ्यात अवघड जातं. त्या तासाला मागच्या बाकांवर बहुतेक तीच बसलेली असतात.