‘डोंगरातून’

भाचा सुट्टीला पनवेलला आला की जेवणाचं टेबल त्याच्या नकाशांचं होतं. फासे टाकून खेळायच्या एका कल्पित जगाचा त्याला नाद आहे. या खेपेला त्याने एक डोंगररांग रंगवली होती आणि रांगेपलीकडे ऑर्क लोकांचा मुलूख. राकट, सुळे असलेले, परक्याला पाऊल टाकू न देणारे लोक. ‘मावशी, यांच्या चालीरीती काय ठेवू?’ त्याने विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. इमारतींच्या फटीतून प्रबळगड दिसत होता, आणि मला पावसाच्या तोंडावर रानभाजी घेऊन बाजाराच्या रस्त्यावर बसणारी शेवळंवाली आठवली.

ऑर्क हा शब्द टोल्किनने जुन्या इंग्रजीतून उचलला. त्याच्या कादंबऱ्यांत हे लोक फौजेने येतात आणि फौजेने मरतात. त्यांची लग्नं, त्यांचं सुतक, त्यांची पोरंबाळं यांतलं काही वाचकाला दिसत नाही. यांना आत्मा आहे का, आणि असेल तर यांच्यात एकही भला कसा नाही, हा पेच टोल्किनला कधी सुटला नाही. पुढे खेळ रचणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी ऑर्कांना देव दिले, नातीगोती दिली. भाचा त्याच वाटेने निघाला होता. मला त्याचा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण आपल्याकडे ‘राक्षस’ हा शब्द आयता हाताशी असल्याने तो प्रश्न विचारायची वेळ आपल्यावर फारशी आलीच नाही.

इरावती कर्व्यांनी मात्र तो विचारला. १९६७ साली आलेल्या, महाभारतावरच्या ‘युगान्त’मधल्या मयसभेवरच्या लेखात त्यांनी खांडववनाची आग वनात राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिली. कृष्णार्जुनांनी अग्नीला वन दिलं, आणि बाहेर पळणारा प्रत्येक जीव पुन्हा आगीत लोटला गेला. तक्षक त्या दिवशी कुरुक्षेत्रात होता म्हणून वाचला. त्याचा मुलगा अश्वसेन निसटला. मयासुर अर्जुनाला शरण गेला म्हणून जगला, आणि त्यानेच पांडवांना ती सभा बांधून दिली. मला या कथेत सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो तो हा मय. त्याचं वन जाळून झाल्यावर जाळणाऱ्यांची सर्वांत देखणी वास्तू त्याच्याच हातून उभी राहते, आणि तरी पुढच्या कथेत त्याला जागा नाही.

पनवेलच्या भोवतीच्या डोंगरांत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकऱ्यांबद्दल गावात एक शब्द ठरून गेलेला आहे: ते फटकून असतात. वाडी गावापासून सुटी, कुठे ओढ्यापलीकडे, कुठे माळाच्या टोकाला. माझ्या लहानपणी हा शब्द इतक्यांदा कानावर आला की तो त्यांचा स्वभावच असावा असं मी धरून चालले होते.

पण त्यांचं नाव बघा. कात करणारे ते कातकरी, काथोडी. खैर तोडायचा, त्याच्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांत उकळत ठेवायच्या, अर्क आटवून दाट करायचा आणि त्याच्या वड्या पाडून वाळवायच्या. हाच कात पानात चुन्याला भेटला की तोंड रंगतं. ज्यांना आपण फटकून राहणारे म्हणतो, त्यांची ओळखच आपण त्यांच्याकडून काय घेतो त्यावरून पडलेली आहे. कोकणातल्या लग्नाघरी विडे वाटले जात तेव्हा डोंगरातली ती भट्टी प्रत्येकाच्या जिभेवर होती.

मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी वारली आणि काथोडी लोकांवर लिहिलेला एक लेख १८४३ साली छापून आला. त्यातली एक नोंद मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. झाडं तोडायला लागण्याआधी काथोडी त्याच जातीचं एक झाड निवडतात, त्याला नारळ वाहतात, धूप दाखवतात, शेंदूर लावतात आणि आमच्या कामाला यश दे म्हणून त्याच्याकडे मागणं मागतात. ज्याच्यावर कुऱ्हाड चालवायची त्याच्या भाऊबंदांपैकी एकाला आधी सांगायचं, ही किती नाजूक रीत आहे! इथे झाडाला मन आहे असं नुसतं मानलेलं नाही. आपण घेतो ते कोणाच्या तरी घरातून घेतो, ही जाणीव हाताच्या कामात बसवलेली आहे. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं, तेव्हा पनवेलही ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यात दुसरी गोष्ट मिळते. रामाबरोबर लंकेला गेलेली जी वानरसेना, तिचे आपण वंशज, असं हे लोक सांगत. मिळेल त्या प्राण्याचं मांस खाणारे हे लोक लाल तोंडाच्या माकडाला मात्र हात लावत नसत, त्याच्यात माणसाचा जीव असतो म्हणून. गावाने त्यांना राक्षसांच्या रांगेत बसवलं असेल, पण त्यांनी स्वतःची जागा रामाच्या बाजूला धरली होती.

खाण्याची ही गोष्ट इथे फार महत्त्वाची. गाव माणसाला बाहेर ठेवतं ते बहुधा ताटावरून. भात कापून झाला की बांधातली बिळं उकरून उंदीर धरायचे, बिळात त्यांनी साठवलेल्या लोंब्याही काढून घ्यायच्या, हे कातकऱ्यांचं जुनं काम. ‘ते उंदीर खातात’ एवढं म्हटलं की पुढे बोलणं संपतं. आणि बाहेरची ही मोजपट्टी आतही शिरली. गोमांस न खाणारे ते सोन काथोडी, खाणारे ते ढोर काथोडी, आणि सोन काथोडी स्वतःला वरचे समजू लागले.

मग जंगलाचा कायदा आला. १८७८ च्या कायद्याने रानं राखीव झाली आणि ज्या खैराला नारळ वाहून विचारलं जाई तो सरकारजमा झाला. कात करणं हा गुन्हा ठरू लागला. त्याआधी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा झालेला होता, त्याचीही सावली या लोकांवर पडली. नाव कातकरी राहिलं, कात गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. दिवाळीनंतर उचल घेऊन सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं आणि पाऊस जवळ आला की परत येतं. पनवेलच्या आणि नव्या मुंबईच्या किती भिंतींत त्यांच्या हातचा चिखल भाजलेला असेल. सरकारदरबारी मात्र कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर त्यांची नोंद ‘आदिम जमात’ अशी आहे. हा शब्द ऐकला की मला मय आठवतो.

फटकून राहणं हा स्वभाव असता तर चिरनेर घडलं नसतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी या चिरनेर गावच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी माणसं जमली. गोळीबार झाला, त्यात आठ सत्याग्रही गेले. त्यांच्यात आगरी होते, कोळी होते, आणि नाग्या महादू कातकरी होते. रान सगळ्यांचं आहे, एवढ्या एका बोलण्यावर त्या दिवशी वाडी आणि गाव एका ठिकाणी उभं राहिलं होतं.

अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटाबद्दलही आपण असंच स्वभावाचं बोलतो, जणू तिथले लोक जन्मतःच बाण रोखून आहेत. १८८० साली पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथली सहा माणसं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. त्यातलं म्हातारं जोडपं आजारी पडून मेलं, चार मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. मुलांबरोबर कोणती दुखणी परत गेली हे कोणी पाहिलं नाही. बेटावरच्या लोकांनी त्यानंतर दार लावून घेतलं असेल, तर ती पाहिलेलं न विसरणाऱ्यांची रीत म्हणायला हवी.

पनवेलजवळ आता विमानतळ सुरू झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. मालकाला कामाला माणसं हवी होती तोवर त्या जमिनीबद्दल कोणी विचारत नव्हतं. आता विचारतात. पिढ्यान्‌पिढ्या राहून पायाखालची जागा आपली नाही, अशा माणसाने अनोळखी माणसाशी मोकळं बोलावं तरी कसं?

भाच्याला मी एवढंच म्हटलं, ‘चालीरीती नंतर. आधी हे ठरव की डोंगराअलीकडचे लोक त्यांच्याकडून काय काय घेतात.’ तो बराच वेळ विचार करत बसला. मग नकाशावर त्याने खिंडीतून उतरणारी एक बारीक वाट काढली.

शेवळं येतात वळवाच्या सरी पडून गेल्यावर. जांभळट कोंब, ओल्या मातीचा वास. नीट साफ केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून ती काकडांबरोबर शिजवायची. त्या आंबट फळांनी खाज मरते. आमची शेवळंवाली जुडीबरोबर काकडं न विसरता देते. गिऱ्हाईक मागो न मागो, ती मूठभर हिरवी फळं जुडीवर पडतातच. वर्षानुवर्षं मी तिला एकच प्रश्न विचारत आले, कुठून आणलीस गं? आणि तिचं उत्तर ठरलेलं, ‘डोंगरातून.’ कुठला डोंगर, कुठली बाजू, काही नाही. मला वाटायचं, ही बोलायला कंटाळते. जागा सांगितली तर पुढच्या सालापर्यंत तिथे कंद तरी उरेल का, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

या जूनला मी दोन जुड्या घेतल्या आणि कुठून आणल्या ते विचारलं नाही. तिने काकडं टाकली. मग माझ्याकडे एकदा वर पाहून टोपलीत पुन्हा हात घातला आणि आणखी चार टाकली. ‘या टायमाला खाजरी हायत, ताई,’ ती म्हणाली, ‘जास्त घाला.’