जुनें यंत्र, नवें यंत्र

भाविक सज्जनहो, विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, म्हणून आम्हीं नवा संगणक घेतला. कीर्तनाचीं टिपणें त्यांत उतरविलीं. उघडून पाहतों तों नुसतीं इंग्रजी चिन्हें! जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी वळणें मांडीत. फाईल आली, फॉन्ट मागेंच राहिला. फाईल नकलेनें येते; सॉफ्टवेअर मात्र बहुधा नव्यानेंच बसवावें लागतें. फॉन्ट बसवितांच अक्षरें उमटलीं. मग तीं युनिकोडांत करून घेतलीं. सारें तपासल्यावांचून जुनें यंत्र पुसलें नाहीं.

बाबांनो, परमार्थांतही असेंच आहे. संतांचे शब्द पाठांतरानें उतरतात; वृत्ति नकलेनें येत नाहीं. ती ज्याची त्यानें आपल्या अंतरीं नव्यानें बसवावी. नाहींतर अक्षरें जवळ असून वाचतां येत नाहींत. रामकृष्णहरि!