निरुपयोगी जिवाचे काय करावयाचे?



आमच्या वस्तीतील एका बौद्ध कुटुंबात गेल्या वर्षी एक वाद झाला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्री घरी आणली. पांढरी पॉमेरेनियन, वजन जेमतेम पाच किलो, वय बारा वर्षांच्या पुढे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऐकू कमी येते, दात बहुतेक पडलेले, आणि हृदयाच्या दुखण्यासाठी रोज दोन वेळा गोळी. कोणीतरी तिला रस्त्यावर सोडून दिले होते. आजी म्हणाली, "अगं, आणायचंच होतं तर एखादं पिल्लू आणायचंस. ही राखण करणार नाही, खेळणार नाही. हिचा उपयोग काय?" वडील अधिक रागावले. ते म्हणाले, "ज्यांनी आपल्याला कुत्र्याहून हलकं मानलं, त्यांनी टाकलेली कुत्री आता आपण सांभाळायची काय?"

हे दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. तुमच्याही घरात ते निघतील. म्हणून त्यांचा विचार करू.

वडिलांचा प्रश्न प्रथम घेऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते, आपल्याला नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा ही लाज जगापुढे आली. म्हणून कुत्र्याचे नाव निघताच आपल्या मनातील जुनी जखम ठसठसते. यात नवल नाही.

परंतु हा अपमान कोणी केला? कुत्र्याने केला काय? त्याला तहान लागली म्हणून तो पाणी प्याला. पाण्याभोवती शिवाशिवीची रेघ ओढली ती माणसांनी. महाडचा संग्राम माणसाचा हक्क मिळविण्यासाठी होता, कुत्र्याचे पाणी तोडण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांच्या कुटुंबाचे राजगृहातील फेब्रुवारी 1934 चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, आणि घरचा कुत्रा टॉबीही आहे. चवदार तळ्याच्या सेनापतीला आपल्या घरी कुत्रा ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आता आजीचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे. "उपयोग काय?"

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. भिक्खूने सांगितले की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही आपल्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी पाणी आणविले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजविले. ज्याला आपली सेवा करावयाची असेल त्याने रोग्याची सेवा करावी, असे त्यांनी नंतर संघाला सांगितले.

उपयोगाचे माप बुद्धांनी येथे नाकारले. हे माप आपल्या ओळखीचे आहे. गावगाड्याने आपल्या वाडवडिलांना याच मापाने मोजले. मेलेले ढोर ओढावयाचे आहे, सांगावा पोहोचवावयाचा आहे, तोवर बलुते. हातपाय थकले की त्या माणसाची किंमत संपली. ज्या मापाने आपण भरडले गेलो, तेच माप हाती घेऊन आपण दुसऱ्या जिवाला मोजावे काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. करुणा माणसापुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते, असा भेद त्यांनी त्यात केला आहे. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा या दोन्हींची व्यवस्था सांगितली आहे. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेराव्या प्रतिज्ञेत प्राणिमात्रांवरील दयेबरोबर त्यांच्या पालनाचीही गोष्ट आहे. दया एका क्षणात वाटून जाते. पालन रोज करावे लागते.

ते कसे करावयाचे? आंधळी कुत्री वासावरून व सवयीने घर ओळखते, म्हणून तिचे भांडे आणि अंथरूण यांची जागा बदलू नये. बहिऱ्या कुत्रीला झोपेत एकदम हात लावू नये, ती दचकून चावेल. लहान जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून दोरी गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधावी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेथे गोणपाट टाकावे. मऊ अन्न थोडे थोडे द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट तिला विषासमान आहेत. आपल्या घरातील वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या मुदतीत टोचावी. कोणालाही कुत्रे चावले तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित दवाखाना गाठावा. अंगारा लावीत बसू नये.

हे सर्व पुण्य मिळावे म्हणून करावयाचे नाही. शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या कुत्र्याला पोळी घालणे हा सौदा आहे, मैत्री नव्हे. तसेच, ही कुत्री मागल्या जन्मीच्या पापाने आंधळी झाली, असेही कोणी म्हणू नये. आपल्या अस्पृश्यतेचे कारण म्हणूनही हेच सांगितले जात होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हातारपणी तो होतो. एवढेच सत्य आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलाची फी आणि आईचे औषध तोडून कुत्री आणू नका. आपल्या कुटुंबाला औषधाचा खर्च झेपतो काय, घरी कोण थांबणार, याचा हिशेब सर्वांनी बसून करा. झेपत नसेल तर नाही म्हणा. त्यात दोष नाही. दारातील कुत्र्यासाठी पाण्याचे भांडे ठेवणे तरी झेपेल. परंतु एकदा आणलेला जीव सोडू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, उपासमार वा तहानेने वेदना होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे.

शेवटी एक कठीण वेळ येते. असह्य वेदना आहेत, उपाय उरलेला नाही, आणि डॉक्टर शांत मरण देण्याविषयी विचारतात. पहिले शील पाळणाऱ्याने काय करावे? अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे बाबासाहेबांनी दाखविले. नियम माणसाला बांधून ठेवतो, तत्त्व विचार करावयास लावते. तेव्हा स्वतःला विचारा: हिची वेदना संपावी म्हणून मी होय म्हणतो आहे, की माझा त्रास संपावा म्हणून? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तुमच्याखेरीज कोणी देऊ शकणार नाही. ते देण्याची हिंमत हाही शीलाचाच भाग आहे.

त्या कुटुंबातील कुत्री अजून आहे. वडील संध्याकाळी तिची गोळी भाकरीच्या कुस्करात दडवून देतात. परवा मी गेलो तेव्हा आजी नातवावर ओरडत होती, "अरे, ते पाण्याचं भांडं जागेवर ठेव. तिला सापडत नाही." उपयोगाचा प्रश्न मी पुन्हा काढला नाही. तिनेही काढला नाही.

जयभीम.